दोघांचे मिळून बहात्तर किलो

त्या दिवशी न्हाणीघराच्या दाराशी एकूण दहा पाय होते आणि त्यांतले दोनच माझ्या पाठीवर होते. ते आईचे. तिने उचलून धरलेल्या कुत्र्याचे चार हवेत लोंबत होते, बाबांचे दोन उंबऱ्यावर होते आणि मुलगी माझ्यासमोर गुडघे टेकून बसल्यामुळे तिचे दोन मागे दुमडलेले होते.

मित्रांनो, मी या घरातला वजनकाटा. जुन्या पद्धतीचा. मला बॅटरी लागत नाही. पोटात एक जाड स्प्रिंग, पाठीवर रेघारेघांचे काळे रबर आणि काचेखाली आकड्यांची गोल तबकडी, एवढाच माझा संसार. कारखान्यात तपासनिसाने माझ्यावर लोखंडी वजने ठेवली, काढली, पुन्हा ठेवली आणि शेवटी म्हणाला, "हा खोटं बोलणार नाही." आयुष्यात माझे एवढे कौतुक पुन्हा कुणी केले नाही.

बाबांनी मला घरी आणले ते पोट कमी करायला. रोज सकाळी ते श्वास रोखून माझ्यावर उभे राहत. "अहो, काट्यापुढे पोट आत घेऊन काय फायदा? तो काय मुलगी बघायला आलाय?" असे आई म्हणायची. पोट काही हटले नाही, मीच हटलो. दाराआड, उपड्या बादलीखाली माझी अनेक वर्षे गेली. तबकडीवर धूळ बसली, पण स्प्रिंग शाबूत राहिली.

मग घरात कुत्रा आला. कुणीतरी रस्त्यावर सोडून दिलेला, आश्रयगृहातून मुलीने हट्टाने आणलेला. अंगावर दाट, पिंगट केस आणि डोळ्यांत सतत भूक. बाबांनी त्याचे नाव हाडक्या ठेवले. हाडक्या वाटी चाटूनपुसून लख्ख करायचा आणि लगेच दुसऱ्याच्या ताटाकडे बघायचा. पण खाल्लेले त्याच्या पोटात ठरत नव्हते. फिकट, तेलकट शी व्हायची, कधी दारात, कधी गादीवर. आई कपडे धुण्या-इस्त्रीच्या दुकानात दिवसभर उभी राहून इस्त्री करायची आणि घरी येऊन फरशी पुसायची.

जनावरांच्या डॉक्टरांनी जंताचे औषध दिले, मऊ भात आणि उकडलेली कोंबडी द्यायला सांगितली. "नवं घर, नवं खाणं. पोट बिघडणारच," ते म्हणाले. "वजन टिकून असेल तर थोडा धीर धरा. उतरलं तर मात्र लगेच घेऊन या. वाट बघू नका."

म्हणून बादली उचलली गेली आणि मी बाहेर आलो.

हाडक्या माझ्यावर स्थिर उभा राहीना. त्याच्या नख्या रबरावर घसरायच्या, तो थरथरायचा. तेव्हा मुलीने युक्ती काढली. आधी आई एकटी उभी राहिली : अठ्ठावन्न. मग हाडक्याला घेऊन : बहात्तर. मुलीने बोटांवर वजाबाकी केली. "चौदा! हाडक्या चौदा किलो!"

दुसऱ्या वेळी आई एकटी उभी राहायला लागली, तर बाबा म्हणाले, "तुझं कशाला पुन्हा? तू काय बदलतेयस?"

"दहा वर्षांपूर्वीचे कपडे होतात मला अजून," आई ऐटीत म्हणाली आणि तिने सरळ हाडक्याला उचलले.

बहात्तर.

त्यानंतर सगळे फक्त तेवढा आकडा बघू लागले. दर रविवारी बहात्तर. मुलगी टाळ्या वाजवायची. बाबा डॉक्टरांना फोन करून कळवायचे, "वजन जैसे थे." डॉक्टर म्हणायचे, "मग थांबू या." सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा.

मित्रांनो, मला मात्र वेगळे काही जाणवत होते. आईची पावले पूर्वीपेक्षा जास्त जागा व्यापत होती. तिच्या घोट्यांवर चपलेचा पट्टा रुतल्याची खूण दिसायची, ती दुपारपर्यंत जात नसे. "पाय काय, उभ्याने काम करणाऱ्या सगळ्यांचेच सुजतात," असे ती एकदा बाबांना म्हणाली आणि विषय मिटला. मी सगळी ताकद लावून खरे तेच दाखवत होतो. पण काट्याला बेरीज कळते, वाटणी सांगता येत नाही.

एका रविवारी हाडक्या वाटीपाशी गेला आणि खाता खाता बसला. त्याला उठवेना. बाबांनी त्याला तसाच डॉक्टरांकडे नेला. परत आले ते माझ्याकडे बोट दाखवतच.

"दहा! तिथल्या काट्यावर दहा भरला! आणि हा ठोकळा बहात्तर-बहात्तर करत बसला. आजच भंगारात देतो याला."

सगळे खापर माझ्यावर फुटले. स्प्रिंगला जीभ नसते.

मुलीने मला बाबांच्या हातातून काढून घेतले. कोपऱ्यातली तांदळाची न उघडलेली पिशवी तिने ओढत आणली आणि माझ्यावर ठेवली. पिशवीवर दहा किलो छापले होते. माझा काटा दहावर थांबला.

"बाबा, काटा बरोबर आहे."

"मग चार किलो गेले कुठे?"

मुलीने पुन्हा बोटांवर वजाबाकी केली, बहात्तरातून दहा. मग हळू आवाजात म्हणाली, "आई, तू एकटी उभी राहा."

"मी कशाला? मला काय धाड भरलीय?"

"राहा ना गं."

आई चढली. काटा डुलला आणि बासष्टवर टेकला. मुलीने वाकून आईच्या नडगीवर बोट दाबले. बोट काढले तरी खड्डा तसाच राहिला.

हाडक्याच्या पोटात अन्न पचवणारा रसच तयार होत नव्हता. म्हणून तो खायचा आणि उपाशी राहायचा. हे लवकर कळले असते, तर रोज जेवणात कालवायच्या पाचक भुकटीवर तो जगला असता. आईच्या अंगात चढलेले चार किलो म्हणजे मांस नव्हते, पाणी होते. तिची मूत्रपिंडे थकली होती. तिला त्याच रात्री दवाखान्यात ठेवले.

भुकटी सुरू झाली. एकदा हाडक्याला घट्ट शी झाली, तेव्हा मुलगी आनंदाने रडली. पण औषध लागू पडायलाही अंगात थोडी शक्ती शिल्लक लागते. तो न्हाणीघराच्या दाराशी, माझ्याच शेजारी गेला. जाताना त्याची हनुवटी माझ्या रबरावर होती. ते वजन इतके थोडे होते की माझा काटा शून्यावरून हललाच नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही असा एखादा आकडा असेल, जो बघून सगळे निश्चिंत होतात. त्याच्यावर विसंबू नका. मुक्या जिवाच्या केसांखाली हात घालून बरगड्या चाचपून बघा. आणि घरातले जे माणूस "मला काय होतंय" म्हणते, त्याला एकट्याला उभे करून बघा.

अंगातले पाणी उतरल्यावर आई परवा घरी आली. रोज सकाळी वजन बघायचे, असे तिला दवाखान्यात बजावले आहे. आज मुलीने मला पुसले, शून्य तपासले आणि माझ्यासमोर गुडघे टेकले. बाबा उंबऱ्यावर होते. आई चढली. सवयीने तिचे दोन्ही हात पोटाशी वळले आणि तसेच राहिले.

काटा छप्पन्नवर थांबला.