तोट्याचा रिकामा चौकोन

धाकट्याला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षीची ही गोष्ट. मुली दोन महिन्यांच्या असताना डॉक्टरांनी माझ्या बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन सांगितलं. तीन महिन्यांनंतरची तारीख मिळाली. साठवलेले पैसे निम्मेच भरत होते. धाकटा म्हणाला, "बाबा, तेवढ्यात दुप्पट करतो."

त्यानं परदेशी चलनांच्या सौद्यांचा प्रोग्रॅम बसवला होता. कधी घ्यायचं, कधी विकायचं, ते प्रोग्रॅमच ठरवी. स्क्रीनवर दोन चौकोन होते. एकात नफ्याचा आकडा. भाव तिथवर चढला की सौदा मिटवून नफा पदरात. दुसऱ्यात तोट्याचा; भाव तिथवर उतरला की थोडं नुकसान सोसून बाहेर. त्याला स्टॉप लॉस म्हणत.

मी चाळीस वर्षं बॉयलरवर काढलेली. म्हटलं, "म्हणजे हा तुझा सेफ्टी व्हॉल्व्ह."

"आता कसं बोललात! दिवसा मी कारखान्यात असेन. तुम्ही नुसतं बघायचं, हात लावायचा नाही."

ही पलंगावरून म्हणाली, "जन्मभर काट्याकडे बघण्याचाच तर पगार घेतलाय त्यांनी."

दोन महिने बरे गेले. मग एका आठवड्यात पाच वेळा तेच झालं. भाव खाली येऊन तोट्याच्या आकड्याला शिवायचा, सौदा मिटायचा, आणि तासाभरात भाव परत वर. धाकटा चरफडायचा, "अंदाज बरोबर होता, बाबा. त्या आकड्यानंच मला बाहेर काढलं." इकडे हिला न्हाणीपर्यंत जाताना दोनदा बसावं लागत होतं.

ऑपरेशनला बारा दिवस उरले होते. दुपारी भाव पुन्हा घसरू लागला. मी कारखान्यात फोन लावला.

"आकड्याला किती राहिलंय?"

"चार पॉइंट."

मग तो म्हणाला, "पुसून टाका तो आकडा. चौकोन रिकामा ठेवा. वर येईलच."

व्हॉल्व्ह फार वाफ सोडतो म्हणून एकदा फोरमननं त्यावर वजन बांधायला सांगितलं होतं. तेव्हा मी पाना टाकून सरळ घरी आलो होतो. नोकरी गेली तर जाऊ दे म्हणून. त्या दुपारी मी हिच्याकडे पाहिलं आणि आकडा पुसला.

भाव जरा सावरला.

"आलं का वर?" हिनं विचारलं.

"येतंय."

"मग तोंड कशाला पाडलंय? चहा टाका. मीही घेईन घोटभर."

मी कप घेऊन परत आलो, तोवर कुठल्याशा देशाच्या बँकेनं व्याजाचा दर बदलला होता. भाव विहिरीत दगड सुटावा तसा सुटला. अडवायला खाली काही नव्हतं. खातं रिकामं होत आलं तेव्हा दलाल कंपनीनंच सौदा तोडला. उरलं ते दवाखान्याच्या खोलीचं दोन दिवसांचं भाडं.

संध्याकाळी धाकटा दारातच चपला न काढता उभा राहिला. "तुमचा दोष नाही, बाबा. मीच सांगितलं."

"हात माझा होता."

"हळू बोला दोघं," ही म्हणाली. "पोरी आत्ताच झोपल्यात."

ऑपरेशन झालं नाही. धाकट्याच्या मुलींना पाच महिने पुरे झाले, त्या आठवड्यात, ठरलेल्या तारखेनंतर नवव्या दिवशी सकाळी सव्वासहाला माझी बायको वारली.