तीन पावलं मागे

“माझं कौतुक करायला माणसं जमली, की त्यांना खरं काय ते सांग. मला जमलं नाही, तू सांग.”

वडिलांचा बसका आवाज मनात घोळवतच तिनं दुकानाचा काचेचा दरवाजा ढकलला. काका एका क्लॅरिनेटच्या कळा घासत होते. तीस वर्षं त्यांनी तिच्या वडिलांच्या जॅझच्या ताफ्यात दुसरा ट्रम्पेट वाजवला आणि आता ते वाद्यं दुरुस्त करत. कोपऱ्यात काकू एका वाद्याच्या पेटीला आतून मखमल शिवत होत्या.

वडील जाऊन वर्ष झालं होतं. संगीतशाळेच्या सभागृहाला संध्याकाळी त्यांचं नाव दिलं जाणार होतं आणि तिला पाच मिनिटं बोलायचं होतं. वडिलांची ती एक रेकॉर्ड कोणाला ठाऊक नव्हती? मधल्या भागात ट्रम्पेट लांबून, पैलतीरावरून आल्यासारखा ऐकू येई. त्या दूरपणावर जाणकारांनी पानंच्या पानं लिहिली होती. अजूनही ती जागा आली, की वाजवणारा माइकपासून तीन पावलं मागे सरके. शाळेत तसंच शिकवत. वडीलही आयुष्यभर मान खाली घालून मागे सरकत आले आणि लोक त्यावर टाळ्या वाजवत राहिले.

वडिलांनी शेवटी तिला सांगितलेली खरी गोष्ट एवढीच होती, की ध्वनिमुद्रण चालू असताना वडिलांचा ओठ फुटला होता. सगळ्यांत मिळून माइक एकच. मागच्या रांगेतल्या काकांनी उभ्या जागेवरून सूर उचलला आणि तडीस नेला. वेष्टनावर वडिलांचं नाव मात्र आधीच छापून झालं होतं.

“आज हे बोलणार आहेस?” तिचं ऐकून काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

“तुम्ही हो म्हणालात तर.”

“नाही म्हणतो. संपलं. चहा घे आणि जा.”

मग त्यांनीच तिला बसवून घेतलं आणि ते सांगत राहिले. त्या दिवसानंतर तिच्या वडिलांनी काकांशिवाय एकही दौरा केला नाही. काकांची छाती अधू झाली, डॉक्टरांनी फुंकणं बंद केलं, तरी दोन वर्षं नुसती स्वरलिपीची पानं उलटायला त्यांना बरोबर नेलं. काकांनी दुकान काढलं तेव्हा पहिलं गिऱ्हाईक वडीलच. पुढं दर महिन्याला आपला धडधाकट ट्रम्पेट दुरुस्तीला आणून ठेवत आणि वर कामाला उशीर केला म्हणून कुरकुरत.

“त्या माणसाच्या नावाला मी बोट लावू देऊ?”

उद्यापासून लोक आपल्या वडिलांना खोटारडे म्हणतील, या भीतीनं तिचाही जीव थोडाथोडा होत होता. काका नको म्हणाले, तर दिलेल्या शब्दातून आपण सुटू, असंही कुठंतरी वाटून गेलं होतं. त्याची आता लाज वाटली.

काकूंनी दातानं दोरा तोडला.

“तो सूर तुमचा आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.”

काकांचा हात थांबला.

“लांब सूर धरायच्या आधी तुम्ही नाकानं फुर्रकन श्वास घेता. तो रेकॉर्डमध्ये आहे. इतकी वर्षं त्या फुर्रशेजारी झोपतेय, ओळखणार नाही?”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले. मग भाऊजींचा तुमच्यावरचा जीव बघितला आणि गप्पच बसले. फक्त न्हाव्याकडे ती रेकॉर्ड लागली, की उगाच त्याच्या दारात रेंगाळायचे.” त्या तिच्याकडे वळल्या. “यांचं ऐकू नकोस. मला ते एकदा चारचौघांत ऐकायचंय. आणि तुझ्या वडिलांसारखं माणूस आम्हाला दुसरं भेटलं नाही, हेही सांग. दोन्ही सांग.”

काकांनी हातातला कापसाचा बोळा बाजूला ठेवला.

“पाच मिनिटांत बसेल का गं एवढं?”

“बसवते, काका.”

ती सभागृहात पोचली तेव्हा शिपाई खुर्च्या मांडत होता. पुढच्या रांगेत मधोमध तिनं आपल्या हातानं दोन खुर्च्या ठेवल्या. मग रिकाम्या मंचावर चढून, कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, तिनं पहिलं वाक्य म्हणून पाहिलं. ते काकांच्या नावानं सुरू होत होतं.