खसखशीसारखे दाणे

कुंदन पंधरा वर्षं नाशकात वाळवीचा बंदोबस्त करायचं काम करत होता. गंगापूर रोडच्या बंगल्यांपासून विंचूरच्या कारखान्यांपर्यंत लोक त्याला बोलवत, आणि बोलायलाही गडी पक्का. गिऱ्हाइकापुढे उभा राहिला की त्याचं ठरलेलं व्याख्यान सुरू होई. भिंतीवर मातीची बारीक नळी चढली असेल, तर ती जमिनीतली वाळवी. खिडकीशी पंखांचा सडा पडला, तर वारूळ जवळच कुठंतरी आहे. आणि लाकडाखाली खसखशीसारखे दाणे सापडले, तर ती सुक्या लाकडातली. तिला माती लागतच नाही, आतल्या आत खात बसते. "दाणे दिसले की थांबू नका," असं तो बजावून सांगे. हे सगळं गिऱ्हाइकांना. सख्ख्या बहिणीला मात्र त्यानं फोनवरच निकालात काढलं होतं.

धाकटी बहीण छाया एकलहऱ्याला राहते. दोन वर्षांपूर्वी तिनं फोन केला, "दादा, माळ्यावरून रोज बारीक दाणे पडत्यात. वाळवी तर नाय ना?"

कुंदन घाईत होता. "भिंतीला माती दिसते का?"

"माती नाय."

"मग वाळवी नाही. झाडून टाक."

"तू एकदा येऊन बघ ना."

"येतो, येतो," म्हणाला खरा. विंचूरला तर आठवड्यातून दोनदा जायचा. वाट जराशी वाकडी केली असती तर अर्ध्या तासाचं काम होतं. पण घरचंच काम, ते कुठं पळून जातंय? भाऊबीजेलाही त्यानं दोन्ही वर्षं छायालाच नाशकात बोलावून घेतलं.

आता छायाच्या लेकीला, निकिताला मुलगी झाली होती. रविवारी बारसं. माळ्यावर एक पाळणा होता, आंब्याच्या लाकडाचा, दोन्ही बाजूंना हिरवे पोपट लावलेला. कुंदन-छायाचे वडील मोतीराम सुतार. निकिता व्हायच्या आधी त्यांनी तो केला, आणि त्यानंतर त्यांच्या हातून दुसरं काही झालं नाही. त्याच पाळण्यात पणतीचं नाव ठेवायचं, असं छायानं कधीचं ठरवलं होतं. तो उतरवायला म्हणून कुंदन शनिवारी आला.

माळ्यावर चढून त्यानं पाळण्याला हात घातला. पाळणा फारच हलका लागला. वरून रंग अगदी शाबूत होता, पण अंगठा जरा दाबला तशी दांडी पापडासारखी मोडली. आत नुसती पोकळी, आणि खाली दाण्यांचा ढीग.

तो खाली उतरला. मोडका पोपट छायाच्या हातात दिला. "गेला गं पाळणा."

छायानं पदरानं पोपट पुसला. ती रागावली असती, चार शब्द बोलली असती, तर बरं झालं असतं. ती आत गेली आणि श्रीखंडाचा एक डबा घेऊन आली. डबा दाण्यांनी भरला होता.

"तू येशील तव्हा दाखवायला ठेवले व्हते. मागल्या साली इथला एक फवारणीवाला बघून वाळवीच म्हणला. मी त्याला वाटंला लावलं. म्हणलं, माझा भाऊ याच धंद्यात हाय, तो नाय म्हणतो."

कुंदननं चिमूटभर दाणे तळहातावर घेतले. बारीक, कडा असलेले. असे दाणे त्यानं शेकडो घरांत ओळखले होते. तेव्हाच आला असता तर लाकडाला भोकं पाडून औषध भरलं असतं, आणि वडिलांच्या हातचं एवढं एक तरी राहिलं असतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"माझं चुकलं, छाया. ही सुक्या लाकडातली वाळवी."

"हिला माती नसती?"

"नसते."

छायाचा चेहरा थोडा उजळला. "मंग तू बरोबरच सांगितलं व्हतं की, दादा. माती नव्हतीच."

आणि बाळाच्या झोळीसाठी एखादं मऊ लुगडं सापडतंय का बघायला ती कपाटाकडे वळली.