सुरुचीच्या दोन वेण्या

किर्तीचा पोलीस भरतीत नंबर लागला आणि ती नऊ महिन्यांच्या ट्रेनिंगला जालन्याला गेली, तेव्हा तिचा नवरा सुयोग म्हणाला होता, "डबा, अभ्यास, सगळं बघतो मी." केसांचा विचार कोणीच केला नव्हता.

त्यांची मुलगी सुरुची पहिलीत होती. कमरेपर्यंत दाट, कुरळे केस. शाळेचा नियम दोन घट्ट वेण्यांचा, वर दुमडून लाल रिबिनी. सोनिवलीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये रोज सकाळी साडेसहाला भांडण ठरलेलं. सुयोग अंबरनाथच्या एमआयडीसीत मशीनवर काम करायचा. लोखंड धरणाऱ्या त्या बोटांतून केसांचे पेड निसटायचे. एक वेणी कानामागे यायची, दुसरी मानेवर. कंगवा गुंत्यात अडकला की तो ओढायचा, ती रडायची, आणि मग तो ओरडायचा, "हलू नको सांगितलं ना."

एकदा बाईंनी डायरीत लिहून पाठवलं, 'केस नीट बांधून पाठवावेत. आईने लक्ष द्यावे.' 'आईने' वाचून त्याचं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी तो शाळेच्या दारात बाईंसमोर उभा राहिला.

"आई घरी नाहीये. बाप बघतोय सगळं. लिहायचं तर बाप लिहा."

बाई शांतपणे म्हणाल्या, "मग बापाने लक्ष द्यावं."

त्या दिवशी कंपनीत तो प्रत्येक वस्तू आपटत होता. पॅकिंगमधल्या बकुळाताईंनी जेवणाच्या सुट्टीत विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगून टाकलं. त्यांनी सुतळीचे तीन पदर ट्रॉलीच्या दांड्याला बांधले.

"विंचरतोस कुठून?"

"वरून."

"म्हणून रडते ती. आधी टोकाचा गुंता काढायचा, मग हळूहळू वर यायचं. आणि केस मुळाशी मुठीत धरायचे, म्हणजे ओढ डोक्याला बसत नाही."

कंपनीतली पोरं हसायची. "सुयोगभाई, पार्लर टाकतो काय?" म्हणणाऱ्या धर्मेशची त्याने कॉलर धरली. सुपरवायझरने दोघांना सोडवलं. तरी तीन आठवडे तो रोज त्या दांड्याशी बसला. हात शिकले. राग मात्र होता तिथेच राहिला.

एका गुरुवारी दोन्ही वेण्या सरळ जमत आल्या होत्या. शेवटच्या पेडाला सुरुचीने मान वळवली आणि सगळं सुटलं. त्याने तिच्या पाठीत धपाटा घातला, पुन्हा वेणी घातली, रिबिनी बांधल्या. मग पाठमोरा फोटो काढून किर्तीला पाठवला. दिवसभर तो खुशीत होता.

शाळा सुटली की व्हॅन सुरुचीला कुळगावला त्याच्या आईकडे, बनूबाईंकडे सोडायची. संध्याकाळी तो तिला घ्यायला गेला. पोरगी ओट्यावर बसली होती. केस कानापर्यंत. रिबिनी बांधलेल्या दोन वेण्या आत पाटावर पडल्या होत्या.

"कोणी केलं हे?"

"मी," बनूबाई म्हणाल्या. "उकडतंय पोरीला. कापले."

"कोणाला विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं? केस हायेत, येतील परत."

मग त्याला आवरलं नाही. "किर्तीची नोकरी तुझ्या डोळ्यात खुपते, माहितीये मला. बाप्या माणूस वेण्या घालतो म्हणून गल्लीत लाज वाटते ना तुला? बायकोवरचा राग पोरीच्या केसांवर काढलास? उद्यापासून ती इथे येणार नाही."

शेजारच्या बाया दारात आल्या. बनूबाईंनी वेण्या कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिल्या.

घरी येईपर्यंत तो मनातल्या मनात भांडतच होता. गाडी लावली, जिना चढला, कुलूप उघडलं. सुरुची चप्पल न काढता दारातच थांबली.

"पप्पा, आजीला ओरडू नको. मीच बोलले काप म्हणून."

"खोटं बोलू नको."

"खरंच. आजी नको बोलत होती. मी खूप रडले."

"का पण?"

ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "आता सकाळी वेणी नाही. मग तू ओरडणार नाहीस."

हातातलं पुडकं त्याने भिंतीवर भिरकावलं. सुरुची शू-रॅकच्या मागे सरकली. ते बघितल्यावर तो तिथेच खाली बसला. कोणाला दोष द्यावा ते कळेना. बाईंना, किर्तीला, आईला, सगळ्यांना आठवून झालं. धपाटा कोणी घातला होता?

सकाळी तो सुरुचीला घेऊन कुळगावला गेला. आई अंगण झाडत होती.

"काल सांगितलं का नाहीस? सगळ्यांसमोर एवढं बोललो मी."

"पोरीचं नाव घेतलं असतं तर तिला मारलं असतंस."

"मी असा आहे का?"

बनूबाईंनी झाडू थांबवला. "तुजा बाप पण असंच इचारायचा."

याचाही त्याला राग आला. पण हे खरं नाही, असं तोंडातून निघेना. तो नुसता "येतो" म्हणाला आणि मुलीला शाळेत सोडायला निघाला.

रविवारी ट्रेनिंगमधून किर्तीचा फोन आला, तेव्हा धपाट्यापासून सगळं त्याने सांगितलं. ती म्हणाली, "पुन्हा हात उचललास तर मी ट्रेनिंग सोडून येईन, आणि ते तुझ्यामुळे असेल."

कानापर्यंतचे केसही विंचरावे लागतातच. कंगवा लावला की सुरुचीचे खांदे वर जायचे. पहिल्यांदा ते दिसलं आणि राग उसळून आला, मी काय राक्षस आहे? तो कंगवा ठेवून गॅलरीत गेला, तोंडावर पाणी मारून परत आला. खांदे वरच होते. तो मागे बसून राहिला. व्हॅनने खालून दोनदा हॉर्न दिला, मग ती निघून गेली.

"पप्पा, व्हॅन गेली," सुरुची म्हणाली.

"जाऊ दे. गाडीवरून सोडतो."

थोड्या वेळाने तिचे खांदे खाली आले. त्याने टोकापासून विंचरायला घेतलं.