डाव्या हाताची बोटे

अंबूबाईने डावा हात डोळ्यांसमोर धरला आणि एकेक बोट दुमडत मोजले. मग हात पाठीमागे नेला, पुन्हा समोर आणला, पुन्हा मोजले.

"पाच," ती म्हणाली. "म्हंजे जागी हाय."

आकाराम मास्तरांनी मान हलवली. ते आपल्या घराच्या पुढच्या सोप्यात खुर्चीवर बसले होते, ती खाली उंबऱ्याशी. कार्तिकातली दुपार कलली होती.

"दिवसातून किती वेळा मोजता?"

"शेतात भांगलताना मोजते, पान्याला गेल्यावर मोजते. शेजारची रंगुबाई म्हनती, अंबूचं एखादं बोट चोरीला गेलंय वाटतं."

मास्तर तोंडावर हात धरून हसले. आष्ट्याच्या शाळेत तीस वर्षे शिकवूनही मोठ्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोलणे त्यांना जमत नसे.

ही शिकवणी तीन आठवड्यांपूर्वी सुरू झाली होती. अंबूबाईचा मुलगा अर्जुना बेचाळीस साली घरी न विचारता पलटणीत भरती झाला होता. निरोप घ्यायला आला तेव्हा चुलीपुढून न उठता ती म्हणाली होती, पुन्हा तोंड दाखवू नकोस. त्याला आता दोन वर्षे झाली. तो स्वप्नात येई, भाकरी मागे, म्हशीची चौकशी करी, आणि ती वाढत बसे. ते स्वप्न होते हे तिला जाग आल्यावर कळे. त्याचा राग गेला का, एवढेच तिला विचारायचे होते, आणि नेमके तेच राहून जाई.

सांगलीच्या वाचनालयातून आणलेल्या एका इंग्रजी पुस्तकात मास्तरांनी वाचले होते की स्वप्न चालू असतानाच ते स्वप्न आहे असे ओळखता येते. जागेपणी दिवसभर बोटे मोजायची सवय लावली की एक दिवस माणूस स्वप्नातही मोजतो, आणि तिथे ती सहा भरतात, सात भरतात. मग जे विचारायचे ते विचारून घ्यावे. मास्तरांना स्वतःला वर्षभर खटपट करूनही हे साधले नव्हते. ते त्यांनी तिला सांगितले नव्हते.

"परवा आला हुता," अंबूबाई म्हणाली. "दारात हुबा. मी म्हनलं, आदी हातपाय धू. मोजायचं डोस्क्यातच आलं न्हाई."

"येईल. सुरुवातीला असंच होतं."

"दुसरं काय न्हाई का वो? ह्याच्यापरास सोपं?"

शिकवायचे म्हटले की मास्तरांची भीड चेपत असे. "आहे ना. लिहिलेला मजकूर. स्वप्नात एखादा कागद वाचावा, नजर काढून घ्यावी आणि पुन्हा वाचावा. दुसऱ्या खेपेला त्यात वेगळंच निघतं. जागेपणी कागद बदलत नाही."

बोलून झाल्यावर ते समाधानाने चष्मा पुसू लागले.

"मला कुटं वाचाया येतंय?"

"हो, तेही खरंच."

"पर ऐकाया येतंय की." तिने कमरेची पिशवी सोडली आणि घड्या पडून मऊ झालेला एक कागद काढला. "सपनात त्यो वाचंल, मी ऐकीन. आदी जाग्यापनी सवय लावाया पायजे, तुमीच म्हनता. वाचा."

मास्तरांचा हात चष्म्यावर थांबला.

कागद श्रावणात आला होता. इंग्रजीत टंकलेल्या साडेतीन ओळी आणि सही. अर्जुना मे महिन्यापासून बेपत्ता असून मारला गेला असावा असे समजण्यात येते, एवढेच. गावात दुसऱ्या कुणाला इंग्रजी येत नव्हते. त्या दिवशी अंबूबाई हाताला चिखल तसाच घेऊन धावत आली होती, आणि ओळी मनातल्या मनात वाचून होताच मास्तरांनी तिच्या तोंडाकडे पाहण्याची चूक केली होती. मग जे सुचले ते त्यांनी वाचले. खरे उद्या सांगू असे ठरवले होते. उद्या उद्या करता ही बोटांची शिकवणी निघाली. स्वप्नातच तिला उत्तर मिळाले तर कागदाची गरज उरणार नाही, असे त्यांनी मनाशी धरले होते.

"काच जरा धुरकट आहे," ते म्हणाले.

"आत्ताच पुसलासा की."

मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ धरला.

"साहेब लिहितात, तुमच्या मुलाच्या उजव्या हाताला गोळी लागली असून तो इटलीत दवाखान्यात आहे. खाणेपिणे व्यवस्थित आहे. काळजी नसावी."

अंबूबाई डोळे मिटून ऐकत होती. तिचे ओठ हलत होते.

"आता नदर काडा."

त्यांनी अंगणातल्या शेवग्याकडे पाहिले.

"पुन्ना वाचा."

या खेपेला ते सावध होते. त्यांनी शब्दाला शब्द लावून वाचले आणि कागद गुडघ्यावर ठेवला. "बघा. काही बदललं नाही."

"न्हाई बदललं," अंबूबाई म्हणाली. तिने डोळे उघडले. "पर श्रावणात डावा हात म्हनला हुतासा."

मास्तरांची नजर पुन्हा शेवग्याकडे गेली.

"आन् दोन म्हैन्यात बरा हुईल, रोज दूध देत्यात, असं बी हुतं. मी पाठ केलंय. दळताना म्हनते." तिने कागदाकडे बोट केले. "डावा दुकतोय तर उजव्यानं दोन वळी लिवल्या असत्या, असं वाटायचं. तुमीच शिकिवलंसा की त्येला लिवाया. म्हनलं, त्येचा राग गेला नसंल."

तिने डावा हात समोर धरून मोजला. मग पुढे सरकून मास्तरांचा हात स्वतःच्या हातात घेतला आणि त्यांची बोटे मोजली, सावकाश, अंगठ्यापासून.

"पाचच हायती," ती म्हणाली. करंगळी तिने सोडली नाही. "आता त्यात हाय ते वाचा."

मास्तरांनी वाचले. साडेतीन ओळींना फारसा वेळ लागत नाही.

अंबूबाईने त्यांची करंगळी सोडली. आपला हात पाठीमागे नेला, समोर आणला, आणि पुन्हा मोजू लागली.