‘ढ’ची फळी

मी एक जुनी सागवानी फळी आहे. हातभर लांब, वीतभर रुंद. मित्रांनो, आत्मकथा सांगणारी मंडळी बहुधा आपल्या कामाचं कौतुक सांगतात. मला ते जमणार नाही. माझ्याकडून जे काम करवून घेतलं त्याची मला लाज वाटते. ज्यांना लाज वाटायला हवी होती त्यांना ती कधी वाटलीच नाही, म्हणून रागही येतो.

मी मूळची अळनावरच्या जंगलातली. वखारीतून मला हुबळीला आणलं. माझ्याबरोबरच्या फळ्यांची कुठे दारं झाली, कुठे पाळणे झाले. मला मात्र सदाशिव मास्तरांनी विकत घेतलं. सन एकोणीसशे छत्तीसची ही गोष्ट. दुर्गदबैलाच्या बाजारात एका कापडदुकानाच्या माडीवर मास्तर रोज सकाळी इंग्रजीचा खासगी वर्ग चालवायचे. सुताराने मला रंधा मारला, दोन भोकं पाडून सुतळी ओवली. मग मास्तरांनी स्वतःच्या हाताने पांढऱ्या रंगात माझ्यावर एकच अक्षर काढलं, ‘ढ’. रंग वाळेपर्यंत ते हसत उभे होते.

साहेबाच्या भाषेत जुळ्या शब्दांचा नुसता सुळसुळाट. कानाला एकच वाटणारे, डोळ्याला फसवणारे. ‘वीक’ म्हणजे आठवडा आणि ‘वीक’ म्हणजेच अशक्त. ‘सेल’ म्हणजे विक्री, नाहीतर जहाजाचं शीड. ‘क्वाइट’ आणि ‘क्वाएट’ तर जन्माचे भांडखोर. मास्तरांनी अशा शब्दांचा मोठा तक्ता भिंतीवर लावला होता. त्यांना इंग्रजी उत्तम येत होतं, हे मी नाकारणार नाही. पण येणं निराळं आणि शिकवणं निराळं.

जुळ्यांत जो चुकेल त्याच्या गळ्यात मी. सुटायचं असेल तर वर्गातल्या दुसऱ्या कोणाची चूक पकडून मास्तरांना सांगायची. मग मला उतरवून त्याच्या गळ्यात घालायचं. ज्याच्या गळ्यात ती, त्याने दुसऱ्याला दिल्याशिवाय फळी हलायची नाही, हा मास्तरांचा कडक नियम. वर्ग सुटला की तेवढी मी खुंटीवर, सकाळी पुन्हा त्याच गळ्यात. झालं! वर्गातले तेरा जण इंग्रजी कमी आणि एकमेकांवर पाळत जास्त शिकले. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्यात मंडळी इतकी तरबेज झाली की शेजारी बसलेला माणूस तोंड उघडायला घाबरायचा. आणि या सगळ्या चहाडीचं हत्यार कोण? मी! मला तोंड असतं तर पहिल्याच दिवशी ओरडले असते.

वर्गात दाराजवळ यमुना बसायची. वय वीस. गाव अळनावरजवळचं, आईबाप दुसऱ्याच्या रानात राबणारे. हुबळीत मावशीकडे राहून ती चार घरची भांडी घासायची आणि त्यातून मास्तरांची फी भरायची. तिला नर्स व्हायचं होतं. तिच्या गावात औषधाची बाटली आली तर तिच्यावर काय लिहिलंय हे सांगणारं एकही माणूस नव्हतं. पोटात घ्यायचं औषध कोणतं आणि वरून चोळायचं कोणतं, हे लोक वासावरून ठरवायचे. दवाखान्यात शिकायला जायचं तर इंग्रजी येत असल्याचं मास्तरांचं पत्र लागणार होतं. ते पत्र मिळालं तर तिची वाट मोकळी, नाहीतर जन्मभर भांडी.

शेवटच्या आठवड्यात मास्तरांनी जाहीर केलं, “शनिवारी ज्याच्या गळ्यात फळी, त्याला पत्र नाही.”

सोमवारी यमुना ‘वीक’ला चुकली. अशक्त रोग्याचा तिने आठवडा केला. मी तिच्या गळ्यात पडले. पाच दिवस हातात होते, त्यामुळे मला काळजी वाटली नाही. सुटायला एक चूक पुरे होती, आणि या वर्गात चुकांना काय तोटा!

मंगळवारीच खालच्या दुकानदाराचा मुलगा प्रभंजन चुकला. बापाच्या दुकानातल्या विक्रीला त्याने शीड लावलं. मास्तर पाठमोरे होते. यमुनाने त्याच्या वहीत पाहिलं, तिचा श्वास थबकला ते मला छातीवर कळलं. पण तिने मास्तरांना हाक मारली नाही. बुधवारी पुंडलिक चुकला. हा रेल्वेच्या कारखान्यातला फिटर, चार मुलांचा बाप, बढतीसाठी शिकत होता. रोज ज्या ब्रेकला हात लावायचा, तोच ‘ब्रेक’ त्याने मोडतोडीचा लिहिला. वही शेजारी सरकली तशी यमुनाने ते पाहिलं. त्याने हळूच हात जोडले. “ब्याड अक्का, नको, माझं नाव नको काढू.” तिने होकारार्थी मान हलवली.

मला तिचा राग आला, खोटं कशाला सांगू? अगं वेडे, एक बोट दाखव आणि सूट!

शनिवार उजाडला. मी तिच्याच गळ्यात. मास्तर म्हणाले, “यमुना, आठवडाभरात तुला एकाचीही चूक दिसली नाही?”

“दिसल्या की ओ मास्तर. बावीस दिसल्या.”

“मग सांगितल्या का नाहीस?”

“सांगितल्या की. ज्याच्या त्याला सांगितल्या, वर्ग सुटल्यावर जिन्यात. पुंडलिकअण्णांनी तर ब्रेक दहादा लिहून दाखवला. आता चुकत नाहीत ते.”

मास्तरांचा चेहरा लालबुंद झाला. “मला सांगायचं होतं! नियम म्हणजे नियम. तुला पत्र नाही.”

मला वाटलं, आता कोणीतरी उठेल. पुंडलिक उठेल. निदान प्रभंजन तरी. बाराच्या बारा जणांनी माना खाली घातल्या आणि एकेकाने पुढे होऊन आपापलं पत्र घेतलं. पुंडलिकाने तर दोन्ही हातांनी घेतलं. मित्रांनो, ज्यांना तिने शिकवलं ते पास आणि शिकवणारी ढ! हा कुठला न्याय?

यमुना पायऱ्यांकडे वळली. मास्तर ओरडले, “फळी ठेव ती!”

ती थांबली. “मी दुसऱ्याला दिल्याशिवाय हिनं हलायचं नाही, तुमचाच नियम ना ओ? मी कुणाला देत नाही. हिला मी नेते.”

भर बाजारातून ती मला छातीवर मिरवत गेली. लोक बोटं दाखवून हसत होते, पण तिने पदराने मला झाकलं नाही. मास्तरांनी नवी फळी केली की नाही मला ठाऊक नाही. माझ्यापुरता तो धंदा त्या दिवशी बंद झाला.

यमुना नर्स झाली नाही. दुसऱ्या कोणी तिला पत्र दिलं नाही, आणि वर्षभरात ती गावी परतली. हे मी अजून कोणाला माफ केलेलं नाही. गावी तिने दोन खुंट्या ठोकून मला भिंतीवर बसवलं. आता माझ्यावर औषधाच्या बाटल्या असतात. तानूबाईच्या खोकल्याची, महादेवच्या गुडघ्याची. लोक बाटली घेऊन येतात, यमुना वाचते, पोटातल्या डावीकडे आणि चोळायच्या उजवीकडे ठेवते. एखादी पोर शेजारी बसून अक्षर लावायला लागली आणि चुकली, तर यमुना तिच्या कानाशी वाकून बरोबर शब्द सांगते. तो बाकी कोणाला ऐकू जात नाही.

मित्रांनो, माझी विनवणी एवढीच. माझी निगा राखू नका, वाळवी लागली तरी चालेल. पण कोणाची चूक दिसली, तर ती आधी त्यालाच सांगा. आणि तुमची चूक ज्याने झाकली त्याच्यावर पाळी आली, तर त्या बारा जणांसारखी मान खाली घालू नका. उठून उभे राहा.