तूपुनामधला दीर्घ ऊ

मित्रांनो, मी एक जुना पितळी फलक आहे. साठ सेंटिमीटर रुंद, चाळीस उंच, पापाकुरा गावाच्या दक्षिणेला रस्त्याकडेच्या दगडावर चार स्क्रूंनी बसवलेला. १९८४ साली तिथल्या इतिहास मंडळाने मला कोरून घेतले. माझ्यावर इतिहास कमी आणि मंडळाच्या सदस्यांची नावे जास्त आहेत; नऊ जणांची, पदव्यांसह. ज्यांच्यासाठी मी उभा, त्यांच्या वाट्याला तळाशी एक इंग्रजी ओळ आली: येथे एक पूर्वज विसावला आहे. शेजारी इथल्या मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेतला शब्द, तुपुना.

उद्घाटनाला भाषणे झाली, सँडविचेस संपली. पुढची बावीस वर्षे लोक माझ्यावर कोपर टेकून चिप्स खात राहिले. धड वाचले कोणी नाही.

२००६ साली रस्ता रुंद करायला आलेल्या अभियंत्याने मात्र मला वाचले आणि नकाशावर एकच फुली मारली. एक थडगे हलवायचे, बाकी सगळ्यावर डांबर. समोर राहणाऱ्या मीरी आजी सांगत होत्या की इथे त्यांची बरीच माणसे आहेत. तो म्हणाला, फलकावर तसे लिहिलेले नाही. मंडळानेही मान डोलावली. पितळेत कोरलेले चुकीचे असू शकते, ही शंका त्या विद्वानांना शिवलीही नाही.

हरकती घेण्याच्या शेवटच्या आठवड्यात सिद्धी आली. तिला रविवारच्या मराठी वर्गासाठी माझ्याविषयी लिहायचे होते. सोबत आई अनुया, पुण्याची, इथे फार्मासिस्ट. मीरी आजींनी तो शब्द वाचून दाखवला, सिद्धीने वहीत लिहिला.

"अगं, आजी 'तू' म्हणाल्या. दीर्घ दे."

"हू केअर्स, आई? बोर्डवर तसंच आहे."

"बोर्डाला कोण विचारतंय? तू काय ऐकलंस?"

मग अनुयाने आजींनाच विचारले, याने काही फरक पडतो का?

"आखूड म्हटलं तर एक पूर्वज," आजी म्हणाल्या. "लांबवलं तर अनेक. मला इथले अकरा ठाऊक आहेत."

मंडळाच्या टाइपरायटरवर अक्षरावरची आडवी रेघ नव्हती. माओरी लिहिताना तीच दीर्घाची खूण. ती गळली, आणि त्या चुकीच्या शब्दावरून इंग्रजी ओळही चुकीची बेतली गेली.

अनुया आणि आजींनी मिळून हरकत लिहिली आणि शुक्रवारी मुदतीत दिली. जमिनीत लहरी सोडून तपासणी झाली. अकरा नव्हे, चौदा निघाले. रस्ता वळवावा लागला.

आजींनी खिळ्याने माझ्यावर ती रेघ ओढली. मंडळ याला विद्रूपीकरण म्हणते. त्यासाठी समिती नेमली आहे. तिच्या सदस्यांचीही नावे कोरायची असतील.

मित्रांनो, स्मारके जपा, असे मी सांगणार नाही. मला घासूनपुसून चकचकीत करायला कोणी आले, तर नऊ नावे गेली तरी चालतील. ती रेघ मात्र पुसू देऊ नका.